दोन प्रतिक्षा आणि एक खेकडा

रोह्याहून रोज एसटीने वडखळजवळच्या शाळेत येणाऱ्या शिर्केबाईंना दोन गोष्टींची भारी चीड होती. एक, कपाटात कुलूपबंद सडणारी गोष्टींची पुस्तकं आणि दुसरी, पोरांची चिडवाचिडवी. १९९६ साली त्यांनी ते कुलूपच फेकून दिलं आणि शेवटच्या तासाला रोज एक गोष्ट वाचायला सुरुवात केली.

चौथीत दोन प्रतिक्षा होत्या. त्यातली एक मिठागरात राबणाऱ्या घरची. पोरं तिला 'खारट' म्हणायची, ती जवळून गेली की ओठ चाटून दाखवायची. बाईंनी छड्या मोडल्या, तरी चिडवणं थांबेना. म्हणून त्यांनी मुद्दाम खेकड्याची गोष्ट काढली. सगळे त्याला 'तिरक्या, तिरक्या' करतात आणि शेवटी तो बिळाबाहेर यायचाच थांबतो.

"का बरं येत नसेल तो?" बाईंनी विचारलं.

"त्याला नावानं कोण हाकच मारीत नाय," प्रतिक्षाच्या शेजारी बसणारी भाविका म्हणाली.

"मग चूक कुणाची?"

"पयलं ज्यानं चिडवलं त्याची." भाविकानं शेजारच्या प्रतिक्षाकडे बोट दाखवलं. "बाई, हिला पयलं तुमीच 'मिठातली प्रतिक्षा' म्हणालात. हजेरीला."

बाईंचा पारा चढला, पण ते खरंच होतं. दोघींत घोळ नको म्हणून जूनपासून त्या रोज तेच म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी हजेरीला त्यांनी हाक मारली, "प्रतिक्षा दत्तात्रेय ठाकूर."

आपल्यालाच हाक मारली आहे, हे तिला चटकन कळलंच नाही.