पाचपैकी एक

त्या दुष्काळात शहर हर्सूल गावाच्याही पुढे पसरत चाललं होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी लोक देव पावल्यासारखे बोलायचे. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात नेमकं तेव्हाच वरून परिपत्रक आलं: कर्मचाऱ्यांना आपल्या कामाबद्दल किती आत्मीयता आहे, ते मोजा. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण, आणि ते ज्याचे त्यानेच द्यायचे. ज्याची सरासरी तीनच्या खाली, त्याचं काम बदला. मोजदाद माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा वरिष्ठ लिपिक होतो आणि डोकं तापायला मला फारसं कारण लागत नसे.

सगळ्यांनी दहाही प्रश्नांना पाच-पाच दिले. जेवणानंतर टेबलावर घोरणाऱ्यानेही दिले. सरकारी कागदावर स्वतःला कमी लिहायचं नसतं, एवढं आमच्याकडे नवीन माणसालाही कळतं. अपवाद एकच. हर्सूलकडच्या वस्तीला पाणी सोडणारे आमचे व्हॉल्व्हमन. निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी दहाच्या दहा ठिकाणी एक लिहिला होता.

साहेबांनी फॉर्म बघितला आणि म्हणाले, "यांना स्टोअरला बसवा." मला मामांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा फॉर्म घेऊन मी वस्तीवर गेलो.

मामा रस्त्यातल्या चेंबरपाशी गुडघे टेकून बसले होते. व्हॉल्व्ह फिरवायच्या लांब लोखंडी चावीचं एक टोक खाली, दुसरं त्यांच्या कानाला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. मग चावी थोडी फिरवली, पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "तिसऱ्या गल्लीत शिरलं." मी तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. बायका हंडे लावत होत्या.

माझा राग तिथेच ओसरला. हे असलं काही आपल्या कार्यालयात कोणाला येतं, याचा मला इतक्या वर्षांत पत्ता नव्हता.

"मामा, काम आवडत नाही का तुम्हाला? सगळीकडे एक कशाला लिहिला?"

"आवडायचं काय त्यात, सायेब? पाच गल्ल्या हायेत. पाचपैकी लिहा म्हणले. त्या दिवशी एकाच गल्लीला पाणी भेटलं, मग एक लिहिला."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. मी त्यांना स्टोअरचं सांगितलं.

"पाठवा. पण इथं ज्याला आणाल त्याला सांगा, चौथी गल्ली सुरू झाली की खालचा व्हॉल्व्ह दीड फेरा बंद करायचा. नाय तर वरच्या पाचव्या गल्लीला थेंब जात नाय. तिथली माणसं लई लांबून पाणी आणतात."

स्वतःसाठी एक शब्द नाही. मी पेन पुढे केलं. "मामा, पाच लिहा आणि मोकळे व्हा."

"अजून पाचवी झाली नाय."

मग आम्ही थांबलो. ऊन चढलं. चौथी गल्ली सुरू झाली तसा मामांनी खालचा व्हॉल्व्ह दीड फेरा आवळला. बऱ्याच वेळाने चढावरून एका बाईचा आवाज आला, "आलं वो मामा, पण करंगळीएवढं!"

मामांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि दहाही ठिकाणी सावकाश चार लिहिला. "करंगळीएवढ्यानं गल्ली भरत नाय," म्हणाले.

असा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. मी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवला.

"मामा, चार पुरेत. आता तुम्हाला इथून कोणी हलवत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "आता दोन मिनटं बोलू नका." आणि त्यांनी पुन्हा चावीला कान लावला.