आत्याच्या यजमानांची विलायत

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने तिकडच्या गोष्टी सांगून लोकांची इतकी निराशा केल्याचं दुसरं उदाहरण मुंबईत तरी नसेल. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणीने त्यांना यंत्रांचं शिक्षण घ्यायला तीन वर्षं विलायतेला, मँचेस्टरजवळच्या एका गावी पाठवलं. परतले त्या दिवशी गिरगावातली त्यांची अख्खी चाळ दोन खोल्यांत लोटली. कुणाला राणीचा राजवाडा ऐकायचा होता, कुणाला मडमा. काका म्हणाले, "तिथे मुख्य प्रश्न पायमोज्यांचा. धुतले की वाळतच नाहीत." मग उकडलेल्या कोबीचा वास जिन्यात कुठवर येतो, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. राजवाड्याचं फारच खोदून विचारल्यावर म्हणाले, "बाहेरून पाहिला. पाऊस होता."

टाय, काटेचमचे, इंग्रजी उच्चार यांतलं त्यांनी काहीच आणलं नाही. आणल्या त्या सवयी, आणि त्याही उलट्या. तिकडे दारं कायम बंद, म्हणून इथे ते दिवसभर दार सताड उघडं ठेवत. तिकडे एकदा तापाने फणफणून पडले असता कुणी कडी वाजवली नव्हती, म्हणून इथे मजल्यावर कुणी दोनदा खोकलं की काका दारात हजर. एका दुपारी तर त्यांनी शेजारच्या जोशीकाकूंना हाका मारमारून उठवलं आणि विचारलं, "झोपलाच होतात ना? मग ठीक."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. चौपाटीवरची एकही सभा काका चुकवत नसत. परतल्यावर आत्या विचारी, "काय म्हणाले पुढारी?"

"ते नाही कळलं, फार मागे होतो. पण मराठीत म्हणाले," असं सांगून काका तृप्त चेहऱ्याने पानावर बसत.

अशा माणसाला खालच्या मजल्यावरच्या दामल्यांनी एकदा मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्या कुसुमला लंडनमध्ये नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा सगळ्यांना पसंत, पण कुसुमचा जीव घाबरा झालेला. "जरा चार चांगल्या गोष्टी सांगा तिला," दामले म्हणाले.

कुसुमने विचारलं, "काका, तिथे दिवसभर करायचं काय असतं?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तो सकाळी कामावर जाईल. थंडीत चार वाजताच अंधार पडतो. मधल्या वेळात तू आणि खिडकी. रस्त्यातलं माणूस हसेल, पण थांबणार नाही. पहिला हिवाळा रडण्यात जाईल. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. मीही रडलोय."

"अहो, लग्न मोडायला आलात का?" दामले कडाडले. आत्याने काकांना हाताला धरून वर आणलं. दामल्यांनी बोलणं टाकलं. काकांचं जेवणात लक्ष लागेना. "खोटं बोलायला हवं होतं का गं?" ते आत्याला पुन्हा पुन्हा विचारत.

मग एका सकाळी कुसुम स्वतःच वर आली. "मी होकार कळवलाय," ती म्हणाली. "बाकीचे सगळे म्हणतात, मजा आहे बुवा तुझी. तिकडे गेल्यावर रडू आलं असतं तर वाटलं असतं, माझंच काहीतरी चुकतंय. आता तसं नाही वाटणार. बाकीचंही शिकवा."

काकांना काय करू नि काय नको असं झालं. खोबऱ्यावाचून आमटी कशी करायची, बंद दार किती हळू वाजवायचं, सगळं त्यांनी शिकवलं. भर मे महिन्यात कुसुम काकांचा जाडजूड ओव्हरकोट घालून, दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या घेऊन गॅलरीत फेऱ्या मारी आणि काका मागून ओरडत, "वाकू नकोस! बाजारातून असंच यायचंय!" ते पाहून दामलेसुद्धा शेवटी हसले.

लग्न झालं. बॅलार्ड पिअरवर निरोपाला सगळी चाळ रडली, काका सोडून. बोट दिसेनाशी झाल्यावर आम्ही ट्रामने परत निघालो. काका खिडकीतून मागे बंदराकडे पाहत होते.

"काय हो, काही सांगायचं राहिलं का तिला?" आत्याने विचारलं.

"राहिलं," काका म्हणाले. "परत आल्यावर तिकडचंही आठवतं, हे राहिलं. माझी घरमालकीण म्हातारी, एकटीच. मी कामावरून आलो की रोज विचारायची, पाऊस आहे का बाहेर? समोर खिडकी होती, तिला दिसत होतं. तरी विचारायची. मी सांगायचो, आहे."

ट्राम गिरगावच्या वळणावर आली.

"आता कुणाला विचारत असेल?" काका म्हणाले.

आत्याने त्यांच्या हातावर हात ठेवला.