देवाच्या वाट्याची जास्वंद

ओळखीचं एक कुटुंब परदेशी गेलं आणि त्यांचं पाटाएवढं कासव आमच्या अंगणात आलं. मी हौसेने विटा रचून, वर पत्रा टाकून त्याला घर केलं. पण ते भिंतीकडे तोंड करून बसलं ते बसलंच. हिरव्या पाल्यालाही शिवेना. माझाच घास घशाखाली उतरेनासा झाला.

काल सकाळी आई पूजेची फुलं काढून परतताना त्याच्यापाशी थांबली. देवळातल्या दगडी कासवाला करते तसाच तिने नमस्कार केला आणि पाठीवर एक जास्वंद ठेवली. कासव हललं, फूल घरंगळून खाली पडलं. सुरकुतलेली मान हळूच बाहेर आली आणि त्याने ते फूल खाऊन टाकलं.

"अगं बाई, खाल्लं की!" आई दचकून म्हणाली.

देवळातलं कासव किती सोयीचं! हात जोडले की आपण मोकळे. याला मात्र उद्याही भूक लागणार, परवाही लागणार, कदाचित आम्ही दोघं नसतानाही.

आज देवघरात नुसती तुळस दिसली. "फुलं कुठायत?" मी विचारलं.

आईने अंगणाकडे बोट दाखवलं. "देव काही उपाशी राहत नाही."