काथ्याने घासलेली गाडी

गाडी घेऊन तीन महिने झाले होते. घरातली पहिली चारचाकी, गडद निळी. मी लोणावळ्याजवळ वलवणला राहते आणि तळेगावजवळच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करते. पाळ्यांच्या वेळा सांभाळून जाणं-येणं होईना, म्हणून गाडी घेतली होती.

एप्रिलमध्ये वडील गावाहून, सुदुंबऱ्याहून, आठ दिवसांसाठी राहायला आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एका रविवारी मी भाजी आणायला चालत बाजारात गेले. परत आले तर आबा अंगणात विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उभे, हातात नारळाचा काथ्या, शेजारी भांड्यांच्या पावडरीचा डबा.

"बघ कशी लख केलीया," ते म्हणाले. "लय धूळ बसलीवती."

आयुष्यभर त्यांनी बैल धुतले, तेही काथ्याने खसाखसा. तशाच प्रेमाने गाडी धुतली होती. पण ऊन बोनेटवर आलं आणि रंगावर गोल गोल ओरखड्यांची जाळी दिसू लागली. दारं, टप, काही म्हणून सुटलं नव्हतं.

"आबा, हे काय केलंत? भांडं आहे का हे?" माझा आवाज चांगलाच चढला होता. आबा काथ्या भिंतीशी ठेवून वलवणच्या धरणाच्या बाजूला चालत गेले. त्यानंतर दोन दिवस मी कामापुरतंच बोलले.

मंगळवारी कामावरून आले तर आबा घरात नव्हते. संध्याकाळी पिशवी घेऊन आले. लोणावळ्यात जाऊन गॅरेजं पालथी घातली होती त्यांनी. एका म्हाताऱ्या पेंटरने त्यांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. पिशवीतून त्यांनी ओरखडे घासून काढायचं कंपाउंड, पॉलिश, वॅक्सचा डबा, चिकटपट्टी आणि मऊ फडकी काढून ओट्यावर मांडली.

"आबा, मशीनवाल्याकडे देऊ. अर्ध्या दिवसात होईल," मी म्हणाले.

"न्हाई. माज्या हातानं बिघडलंय, माज्याच हातानं नीट हुईल."

दुसऱ्या दिवसापासून ते पाचला उठू लागले. पूर्वेच्या भिंतीची सावली टळेपर्यंतच काम करायचं, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून बसतं, असं पेंटरने बजावलं होतं. दुसरी पाळी असली की सकाळी मीही हाताशी असायची. आधी साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने गाडी धुतली. रबराच्या कडांवर चिकटपट्टी लावली. मग मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, वहीच्या पानाएवढ्या जागी, पहिला प्रयोग केला. कंपाउंड लावून आबा घासत राहिले. पुसून पाहिलं तर काहीच फरक नाही. पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी जाळी पुसट झाली. वरून पॉलिश फिरवलं तेव्हा त्या तुकड्यात समोरच्या घराचं छप्पर स्वच्छ दिसलं.

"जातंय की गं!" आबा म्हणाले आणि पुढच्या तुकड्याकडे सरकले.

हाताने काम म्हणजे एका सकाळी जेमतेम एक दार. आठ दिवस संपले. आईचा फोन आला, भुईमूग काढायला आलाय. "गडी लाव दोन. हितलं काम अर्ध्यावर टाकून न्हाई येत मी," आबांनी सांगितलं. खांदा दुखायचा, मी तेल चोळून द्यायची, आणि सकाळी ते पुन्हा गाडीपाशी.

कारखान्यात आम्ही मालावर तिरका उजेड टाकून चरे शोधतो. घरीही मी तसाच टॉर्च धरून बघायची. एका संध्याकाळी ड्रायव्हरच्या बाजूचं दार बघितलं. वरच्या भागात जाळी तशीच होती. ते थकलेले दिसत होते, म्हणून मी म्हणाले, "झालंय, छान झालंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं सांग."

"वरती राहिलंय, आबा."

"मग तसं म्हन की."

दुसऱ्या दिवशी ते दार त्यांनी पुन्हा घेतलं. मी शेजारी बसून दुसऱ्या फडक्याने पुसत होते. मीच म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोलले."

घासता घासताच ते म्हणाले, "बोललीस त्येचं काय न्हाई. मंग दोन दिस गप ऱ्हायलीस, त्येचं लागलं." आम्ही ते दार पूर्ण केलं.

शेवटी बोनेट उरलं. त्यावर एक चरा असा होता की नख फिरवलं तर अडकायचं. आबा तिथेच जोर लावत राहिले. मी त्यांचा हात धरला. "रंग झिजून पत्रा उघडा पडेल. हा पॉलिशने निघणार नाही."

"पेंटर बी हेच म्हनला व्हता," ते म्हणाले. तरी फडकं खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. तो चरा आम्ही तसाच सोडला.

तिसऱ्या रविवारी सगळीकडे वॅक्सचा पातळ हात दिला, पांढरट सुकू दिला आणि कोरड्या फडक्याने पुसून काढला. आबांनी तांब्याभर पाणी बोनेटवर ओतलं. त्याचे थेंब थेंब होऊन घरंगळत गेले. त्यांनी आणखी एक तांब्या ओतला, मग मोठ्याने हसले.

आता दर मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या आधी आबा गाडीला वॅक्स लावायला दोन दिवस येतात. इथल्या धुक्यात महिनोन्महिने उघड्यावर राहूनही गाडीचा रंग टिकला आहे. डावी बाजू त्यांची, उजवी माझी. दुखऱ्या खांद्यामुळे आता टपापर्यंत त्यांचा हात पोचत नाही, म्हणून तो मी करते.