खाकी कव्हराखालचा बिबट्या

जुन्नरच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि माझा मित्र मराठी. येडगावच्या उसात शिरलेल्या बिबट्यावर त्यानं मुलांसाठी कादंबरी लिहिली, तेव्हा मुखपृष्ठ माझंच, हे मी परस्पर ठरवूनही टाकलं. दिवाळीची अख्खी सुट्टी रंगवत बसलो. भर उन्हात उभा बिबट्या, मागं धरण, बाजूला बैलगाडी. जागा उरली म्हणून दोन बगळेही घातले.

मित्रानं चित्र उजेडात धरून बघितलं. "सर, लई देखणा झालाय. पण ह्याला पोरं भ्यायची न्हाईत, राव. ह्याला पोळ्याला मिरवायला न्यावंसं वाटतंय."

मग त्यानं पिशवीतून दुसरं चित्र काढलं. बाजारपेठेतल्या मारवाडी कापडदुकानदाराच्या मुलीनं काढलेलं. माझीच जुनी विद्यार्थिनी. नुसता काळा ऊस, त्यात दोन डोळे, आणि शेपूट पुस्तकाच्या कण्यावरून वळून मागच्या बाजूला गेलेलं. छापलं तेच. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. ब्रश कसा धरायचा हे हिला मी शिकवलं! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. हिचं मात्र पिकलंही जुन्नरात आणि विकलंही जुन्नरात.

जूनमध्ये शाळेनं ते पुस्तक माझ्या वर्गातल्या सगळ्यांना वाटलं. ज्याच्या त्याच्या हातात ते डोळे. वर्गात जायला नको वाटायचं. पण आमच्याकडे नवं पुस्तक घरी आलं की पोराची आई आधी त्याला खाकी कव्हर घालते, मळू नये म्हणून. सोमवारी बघतो तर सगळा वर्ग खाकी. डोळे गेले, शेपूट गेलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी कुणावर ओरडलोसुद्धा नाही.

त्याच खुशीत पुढच्या तासाला सांगितलं, काय हवं ते काढा. थोड्या वेळानं बाकांमधून फिरलो तर चित्रकलेच्या वह्या दप्तरातच होत्या. खाकी कव्हरांवर ऊस उगवला होता, आणि उसातून ते दोन डोळे.

पहिल्या बाकावरची मुलगी पुस्तक घेऊन टेबलापाशी आली. "सर, शेपूट वळतच न्हाई. तुमी काढून द्या ना."

नाही कसं म्हणणार? मी पेन्सिल घेतली आणि शेपूट कण्यावरून मागं वळवून दिलं. तिनं ते निरखलं, कव्हराची घडी उकलून खालचं शेपूट बघितलं, पुन्हा माझं बघितलं.

"असू द्या, सर," ती म्हणाली आणि शेजारणीकडे खोडरबर मागायला गेली.