बिनकामाची गोळी
रॉकेलच्या काजळीचा वास आला की मला नागपुरातली ती प्रयोगशाळा आठवते. एका कंपनीनं पोटातल्या मुरड्यावर ‘नवी’ गोळी जुनीच्या चौपट भावानं आणली होती, लूट नुसती! ‘ही गोळी बिनकामाची!’ अशी पत्रकं मी तावातावानं छापली आणि मग पुरावा मागायला कॉलेजातल्या औषधशास्त्राच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा कोमट खारट पाण्यात टांगला, त्याला बांधलेली काडी काजळी धरलेल्या फिरत्या कागदाला टेकवली. मुरडा आणणारं औषध पडताच आतडं आवळलं, काडीनं काजळीत पांढरा डोंगर कोरला. मग पाण्यात आधी जुनी स्वस्त गोळी घालून तेच औषध पुन्हा टाकलं, नंतर नवी घालून. दोन्ही वेळा डोंगर सपाट! “पेशीच्या ज्या कुलपात जुनी बसते, त्यातच ही बसते,” मॅडम म्हणाल्या. “काहून गा, काम तर करून राहिली! बिनकामाची कसं छापलं तू?” “मॅडम, सभा उद्या आहे!” “मग आजच खोड.” चरफडत मी प्रत्येक पत्रकावरचं ‘बिनकामाची’ खोडून वर ‘जुनीच’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीतल्या सभेत लोक खाली काय खोडलंय ते उजेडात धरून वाचत होते, आणि त्या नादात अख्खं पत्रक वाचून जात होते. त्यानंतर मी कितीतरी बिनचूक पत्रकं छापली. एवढं वाचलं गेलेलं एकही नाही.