उजळलेला कोतवाल

कन्हेरीच्या संभाजीरावांचा बारामतीत फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसते. नवरी कितीही सावळी असो, त्यांच्या अल्बममध्ये ती दुधात बुडवून काढल्यासारखी दिसते. कॉम्प्युटरवर उजेड वाढवायचा, गाल गुळगुळीत करायचे, यात त्यांचा हातखंडा. लोक खूश, तेही खूश. या कलेनं त्यांच्या घरात काय करून ठेवलंय, ते मात्र लोकांना ठाऊक नाही.

त्यांची मुलगी संस्कृती सावळी, चांगलीच सावळी, आईवर गेलेली. दोन वर्षांपूर्वी स्थळाला पाठवायचा फोटो बापानंच काढला आणि सवयीनं उजळून टाकला. पाहुणे इंदापूरहून आले. पोह्याची बशी हातात घेत मुलाच्या आत्यानं विचारलं, "फोटुतली पोरगी कुठं हाय?" संस्कृती समोरच बसली होती.

त्या दिवसापासून ती बापाच्या कॅमेऱ्यासमोर आली नाही. सख्ख्या चुलतभावाच्या हळदीतही कोपऱ्यात उभी राहिली. व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोटोच्या जागी तिनं मोगऱ्याचं फूल लावलं. ते फूल संभाजीरावांना रोज दिसे आणि रोज बोचे. चुकलं म्हणायचं रोज ठरवायचे, पण तिच्यासमोर जीभ रेटत नसे. गावभर बडबडणारा माणूस, घरात मुका.

पक्ष्यांचा नाद त्यांना लग्नं नसलेल्या दिवसांत लागला. बाकीचे हौशी भिगवणला रोहित पक्ष्यांमागं पळतात. यांच्या मनात भरला तो बांधावरचा कोतवाल. ऊसतोड सुरू झाली की तोडकऱ्यांच्या मागं मागं किडे टिपत फिरणारा, दुभंगलेल्या शेपटीचा, काळाकुळकुळीत. त्यांनी शे-दीडशे फोटो काढले, त्यातला एक निवडला, कॉम्प्युटरवर नीटनेटका केला आणि रात्री जेवताना मोठ्या हौसेनं संस्कृतीपुढं मोबाइल धरला.

तिनं नीट पाहिलं. "आबा, ह्यो कोण?"

"कोतवाल."

"कोतवाल असा राखाडी असतो व्हय? तुमी ह्यालाबी गोरा केला."

संभाजीरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. खरंच की. बोटांनी आपणहून उजेड वाढवला होता. त्या पाखराला कुणी बघायला येणार नव्हतं, तरीसुद्धा. संभाजीरावांना मनापासून लाज वाटली.

मग पंधरा दिवस त्यांचा एकच उद्योग. पहाटे उठायचं, तोड चालू असलेला फड गाठायचा. उन्हं चढली की कोतवाल नुसता कोळशाचा तुकडा दिसे आणि आभाळ मागं ठेवून काढला तर नुसती सावली. सोळाव्या दिवशी, सूर्य उसाच्या तुऱ्यांवर येत असताना, तो खुंटावर बसला आणि अंगावर आडवं ऊन पडलं. पीस न् पीस वेगळं झालं. काळ्यात निळं चमकलं, चोचीच्या मुळाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला. या फोटोची त्यांनी प्रत काढली आणि कॉम्प्युटरवर त्याच्या एका पिसालाही हात लावला नाही.

संस्कृती बारामतीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. सकाळी ती डबा भरत होती, तेव्हा त्यांनी फोटो ओट्यावर ठेवला. तिनं तो उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला.

"हां. ह्यो हाय कोतवाल."

"पोरी," संभाजीराव म्हणाले, "तुझ्या फोटुला मी हात लावायला नको हुता. तुझ्यात उणं काय न्हवतंच. माझं चुकलं."

तिनं डब्याचं झाकण दोनदा लावलं. मग विचारलं, "उद्या किती वाजता जाणार?"

दुसऱ्या दिवशी ती लॅबच्या कपड्यांतच फडाच्या कडेला उभी राहिली. पावडर नाही, काही नाही. बापानं तिला उन्हाकडं जरा वळायला सांगितलं आणि तीनच फोटो काढले.

"ह्यात काय करू नका," ती म्हणाली.

"न्हाय करत." त्यातला एक त्यांनी तसाच तिच्या मोबाइलवर पाठवला.

दुपारी कुशाबाई नावाच्या एक बाई लेकीला घेऊन स्टुडिओत आल्या. स्थळाला पाठवायचा फोटो हवा होता. "जरा उजळ काढा बरं का," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मोबाइल वाजला. संध्याकाळी ब्रेड आणा, असा संस्कृतीचा निरोप होता. पण संभाजीरावांचं लक्ष निरोपावर नव्हतंच. नावाशेजारचा मोगरा गेला होता. तिथं त्यांची सावळी लेक उसाच्या कडेला उभी होती आणि हसत होती.

त्यांनी चष्मा पुसला आणि कुशाबाईंच्या लेकीकडं नीट पाहिलं.

"ताई, हितं ट्यूबखाली नको," ते म्हणाले. "उद्या सकाळी सातला कन्हेरीला या. हाय तशीच काढतो, मग बघा."